डाग राहिला तरी चालेल, गोधडी टिकली पाहिजे!

घटस्थापना आठ-दहा दिवसांवर आली की घराघरांत अंथरूण-पांघरूण धुण्याची लगबग सुरू होते. नदीकाठच्या गावांत बायका गोधड्यांची गाठोडी घेऊन घाटावर जातात आणि दिवसभर काठावरच्या खडकांवर रंगीबेरंगी गोधड्या वाळत पडलेल्या दिसतात. शहरात राहणाऱ्या आपणा बायकांना नदी कुठली? आपली मोरी, आपली गच्ची नाहीतर हातभर गॅलरी, आणि नळाला पाणी असेल तेवढाच वेळ! चादरी, अभ्रे मशीनमध्ये टाकून मोकळे होता येते. पण गोधडी समोर आली की हात थबकतो. धुवावी तर फाटेल, न धुवावी तर अंगावर घेववत नाही.

कुणाकडे तिला गोधडी म्हणतात, कुणाकडे वाकळ, आणि तान्ह्या बाळाची असली तर दुपटे. नाव काही असो, वस्तू एकच. जुनी लुगडी, पातळे, धोतरे एकावर एक पसरायची आणि हाताने धावदोरा घालत कडेपासून मध्यापर्यंत शिवत यायचे. चादर फाटली तर बाजारातून दुसरी आणता येते. पण ज्या गोधडीत आजीचे लुगडे आहे, आईचे रोजच्या नेसणीचे पातळ आहे, ती कुठल्या दुकानात मिळणार? शिवणारे हातही पुष्कळदा आता राहिलेले नसतात.

म्हणून मैत्रिणींनो, गोधडी धुताना एक गोष्ट मनाशी पक्की करा. आपल्याला गोधडी स्वच्छ करायची आहे, नवी करायची नाही. एखादा डाग राहिला म्हणून काही बिघडत नाही. डाग काढण्याच्या हट्टापायी गोधडी गेली, तर मात्र ती परत येत नाही.

दिसते ते कापड आणि न दिसणारे कापड

आमच्या शेजारच्या एका वहिनींकडे त्यांच्या आईने पहिल्या बाळंतपणाला दिलेली गोधडी होती. वरून पांढरे मऊ धोतर, कडेने हिरवा गोट. त्यावर चहा सांडला. वहिनींनी ती भरपूर पावडर घालून मशीनमध्ये गरम पाण्यात टाकली. धोतर पांढरेच, मग रंग जायची भीती कसली, असे त्यांना वाटले. बाहेर काढली तेव्हा पांढऱ्या धोतरावर जागोजाग गुलाबी ढग उठलेले. आतल्या थरात लाल लुगडे होते, त्याचा रंग सुटून वर आला होता. "डाग एवढासा होता हो," त्या म्हणाल्या, "तो काढायला गेले अन् सगळी गोधडीच रंगली."

गोधडी आणि चादर यांत फरक पडतो तो इथेच. गोधडीत तीन, चार, कधी पाच-सहा थर असतात आणि आतले थर आपल्याला दिसत नाहीत. त्यांत सुती असेल, रेशीम असेल, कृत्रिम रेशीमही असेल. इरकलाचे अंग बहुधा सुती असते, पण पदर रेशमाचा किंवा कृत्रिम रेशमाचा असतो. सुती कापड भिजले तरी दमदार राहते. रेशीम भिजल्यावर नाजूक होते आणि कृत्रिम रेशीम तर ओले असताना फारच लवकर फाटते. म्हणजे एकाच गोधडीत एक थर दणकट आणि एक थर नाजूक, असे होऊ शकते. आपण धुवायचे ते त्यातल्या सगळ्यांत नाजूक कापडाला सोसेल असे.

तेव्हा पाण्याला हात लावण्याआधी गोधडी दिवसाउजेडी पलंगावर पसरा. घरात आई, सासूबाई, आत्या असतील तर त्यांना विचारा, "यात काय काय घातलंय?" त्या बरोबर सांगतात. विचारायला कुणी नसेल तर विरलेल्या कडेतून, उसवलेल्या टाक्यातून आत डोकावून पाहा. मग गोधडी उजेडासमोर धरा. कुठे जाळीदार झाली आहे, कुठे दोरा तुटला आहे ते लगेच कळते.

फाटलेले, उसवलेले आधी शिवून घ्या. "धुऊन झाल्यावर शिवू" असे म्हणू नका. बोटभर फाटलेले धुताना वीतभर होते. सुती दोरा घ्या, टाका सैल ठेवा. कापड अगदीच विरले असेल तर त्यावर मलमलचा तुकडा ठेवून चारी बाजूंनी मोठे टाके घाला.

रंगाची परीक्षा

पांढऱ्या सुती कापडाची घडी ओली करून पिळा आणि गोधडीतल्या प्रत्येक रंगावर दोन-तीन मिनिटे दाबून धरा. मग हेच साबणाच्या पाण्याने करा. लाल, काळा, गर्द हिरवा, जांभळा हे रंग तर तपासाच, पण शिवणीचा रंगीत दोराही विसरू नका. आतल्या थराची परीक्षा उसवलेल्या जागेतून करता येते. पांढऱ्या कापडावर रंग उतरला, तर ती गोधडी पाण्यात बुडवायची नाही. झटकून, उन्हाची तिरीप दाखवून, हवेवर टाकून वापरावी, वरून खोळ घालावी. रेशमी, जरीची अशी मोलाची गोधडी असेल तर चांगल्या ड्रायक्लीनरला आत काय आहे ते सांगूनच द्यावी.

पाण्यात मीठ घातले की रंग पक्का होतो, असे पुष्कळजणी समजतात. मिठाने रंग सुटायचा थोडा कमी होईल, पण कच्चा रंग पक्का होत नाही. मिठावर विसंबून पांढऱ्या-लाल कापडांची गोधडी भिजत टाकू नये.

डाग आधी, धुणे नंतर

डाग तसाच ठेवून गोधडी धुतली, कडक उन्हात वाळवली, की तो पक्का बसतो. म्हणून डागाचे काम आधी करायचे. पण इथेही थरांचे भान हवे. भांडेभर पाणी ओतले तर डाग वरून निघून आतल्या थरांत शिरतो आणि वाळताना पाण्याबरोबर पुन्हा वर येतो. म्हणून गोधडीखाली जाड टॉवेलची घडी ठेवा. वरून ओल्या फडक्याने टिपा, मग कोरड्या फडक्याने टिपा. टॉवेलची जागा बदलत राहा. डागाच्या कडेकडून मध्याकडे या. आणि घासू नका, ब्रश तर नकोच. घासल्याने जुन्या कापडाचे तंतू तुटतात, डाग जातो आणि भोक राहते.

आता रोजच्या डागांचे पाहू. प्रत्येक उपाय आधी कोपऱ्यावर करून बघायचा, हे गृहीतच आहे.

रक्त, दूध, बाळाची उलटी : यांना नेहमी गार पाणी. गरम पाण्याने हे डाग शिजल्यासारखे होऊन कापडाला धरतात. ताजा डाग गार पाण्याने टिपला तर बराचसा निघतो. राहिला तर गार पाण्यात थोडे मीठ घालून टिपा, मग सौम्य साबण लावा. पांढऱ्या सुती कापडावर रक्ताचा डाग जुना असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड थेंब-थेंब लावून लगेच गार पाण्याने टिपून काढा. रंगीत कापडाला आणि रेशमाला ते लावू नका.

बाळाची शी-शू : दुपटे लगेच गार पाण्यातून काढावे, मग साबणाने धुऊन उन्हात टाकावे. मोठ्या गोधडीला जुना वास राहिला असेल तर अर्धी बादली पाण्यात वाटीभर पांढरे व्हिनेगर घालून त्या पाण्याने तेवढा भाग टिपून घ्यावा, नंतर साध्या पाण्याने टिपावा. शूच्या ओल्या कपड्यावर ब्लीच मात्र कधीही टाकू नये, त्यातून घशाला झोंबणारा विषारी वायू सुटतो.

तेल, तूप, बाम : उशाकडचा भाग डोक्याच्या तेलाने कळकट होतो. त्यावर आधी टाल्कम पावडर नाहीतर कॉर्नफ्लोअर भुरभुरावे, चांगले तासभर ठेवावे आणि झटकावे. असे दोन वेळा केले की निम्मे तेल तिथेच शोषले जाते. मग भांडी घासायच्या पातळ साबणाचे दोन थेंब कोमट पाण्यात घालून टिपावे.

हळद : हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालसर होतो आणि आपला जीव घाबरा होतो. घाबरू नका, हळदीचा तो गुणच आहे. साबण धुऊन टाका आणि तेवढा भाग ओला असतानाच उन्हात धरा. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. दोन-तीन दिवस ऊन दाखवले की फिका होत होत जातो. हळदीला सूर्यासारखा धोबी नाही! कुंकवाचे मात्र तसे नाही. त्यात वेगळे रंग मिसळलेले असतात. सुके कुंकू ओले न करता आधी हलकेच झटकून टाकावे.

चहा, कॉफी : लगेच गार पाण्याने टिपत राहा. दूध घातलेला चहा असतो, त्यामुळे गरम पाणी नकोच. वडीचा साबण चोळू नये, त्याने चहाचा डाग घट्ट बसतो. पातळ साबणाने टिपावे. उरलेल्या पिवळटपणाला एक भाग पांढरे व्हिनेगर आणि तीन भाग पाणी यांचे मिश्रण लावून साध्या पाण्याने टिपावे.

गंज : सेफ्टीपिन राहिली किंवा गोधडी लोखंडी ट्रंकेत ठेवली की गंज लागतो. पांढऱ्या सुती कापडावर लिंबाचा रस आणि मीठ लावून अर्धा तास उन्हात ठेवा, मग लिंबाचा अंश उरणार नाही असे नीट धुवा. गंजावर ब्लीच घालू नये, डाग जायच्या ऐवजी पक्का होतो आणि कापडही कुजते.

बॉलपेन : मुले गोधडीवर पडून अभ्यास करतात, त्याचा हा प्रसाद! कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून टिपावे, शाई वर येईल तसा बोळा बदलावा. हे काम गॅसच्या शेगडीपासून लांब करावे.

बुरशी : पावसाळ्यानंतर काळे ठिपके दिसतात. गोधडी घरात झटकू नका. गच्चीत नेऊन, कोरडी असतानाच मऊ फडक्याने वरची बुरशी काढा आणि कडक ऊन द्या, मगच धुवा. वास जातो, बुरशी थांबते. काळे ठिपके मात्र पुरते जातीलच असे नाही.

ब्लीचिंग पावडर जुन्या गोधडीला वर्ज्यच समजा. रेशमाचा ती नाश करते आणि जुन्या सुताचा कस काढून घेते. शिवाय ब्लीच आणि व्हिनेगर किंवा लिंबू कधी एकत्र करू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. मोरीचे दार लावून धुणाऱ्या बाईला तो फार धोक्याचा.

धुण्याचा दिवस

आषाढ-श्रावणात गोधडी धुवायला काढू नये. चैत्र-वैशाखाचे ऊन किंवा नवरात्राआधीचे स्वच्छ ऊन चांगले. सकाळी लवकर धुतली तर संध्याकाळपर्यंत पुष्कळशी वाळते. एका दिवशी एकच गोधडी काढावी.

मोठा टब घ्या आणि आधी त्यात एक जुनी चादर पसरा. तिच्यावर गोधडी पंख्यासारख्या घड्या घालून ठेवा. ही चादर कशासाठी, ते पुढे कळेलच. गार किंवा अगदी कोमट पाणी घ्या. बादलीला मोठा चमचाभर सौम्य पातळ साबण पुरे. जास्त साबण म्हणजे जास्त स्वच्छ असे नव्हे. थरांत अडकलेला साबण निघता निघत नाही, कापड कडक करतो आणि त्यावर धूळ आणखी बसते. बोअरच्या जड पाण्यात वडीच्या साबणाचा चिकट साका बसतो, तिथे पातळ साबणच बरा.

आपल्या आज्या वापरायच्या तो रिठाही उत्तम. पंधरा-वीस रिठे फोडून, बिया काढून रात्रभर भिजत घालावेत. सकाळी उकळून ते पाणी फडक्यातून गाळून बादलीत घालावे. अगदी पांढऱ्याशुभ्र गोधडीला त्याने किंचित पिवळट झाक येऊ शकते, म्हणून तिला नंतर पाणी जरा जास्त द्यावे. डोळ्यांत उडू देऊ नये, फार झोंबते.

गोधडी पंधरा-वीस मिनिटांहून जास्त भिजत ठेवू नका. "रात्रभर भिजू दे, मळ सुटेल" हे गोधडीच्या बाबतीत खरे नाही. मळाबरोबर रंगही सुटतो. तळहातांनी वरून हलके दाबत राहा. दणकट, नव्या कापडाची गोधडी पायांनी हळू तुडवली तरी चालते, जुनी मात्र हातांनीच. दगडावर आपटणे, बडवणे, ब्रश मारणे यांतले काही नको. मग पाणी सोडून द्या, नवे भरा, पुन्हा दाबा. पाणी नितळ येईपर्यंत चार-पाच वेळा करावे लागते.

आता उचलायची वेळ, आणि सर्वांत धोक्याची वेळही हीच. पुष्कळ गोधड्या धुण्याने फाटत नाहीत, उचलण्याने फाटतात. भिजलेली गोधडी कोरडीच्या दुप्पट-तिप्पट जड होते. एका टोकाला धरून ओढली की सगळा भार त्या टोकाच्या टाक्यांवर येतो आणि टर्रकन आवाज होतो. म्हणून ती खालची चादर! टब तिरपा करून पाणी ओता, गोधडी दाबून पाणी निथळू द्या आणि दोघींनी मिळून चादरीची चार टोके धरून गोधडी झोळीसारखी उचला. पिळू मुळीच नका. मोठ्या टॉवेलवर ठेवून वळकटी करा आणि वरून दाबा, बरेच पाणी निघते.

मशीनचे विचाराल, तर आईच्या-आजीच्या जुन्या गोधडीला मशीन नको. नव्या, दणकट सुती कापडाची, रंगाच्या परीक्षेत उतरलेली गोधडी नाजूक कपड्यांच्या चक्रावर, गार पाण्यात, जाळीच्या पिशवीत घालून धुता येते. मशीनवर लिहिलेले सहा-सात किलो हे कोरड्या कपड्यांचे वजन असते, आणि गोधडी ड्रममध्ये सैल राहिली पाहिजे, कोंबलेली नव्हे.

वाळवण

एका दोरीवर मधोमध टाकली की दोन्ही बाजूंनी भार पडून मधले टाके ताणतात. दोन-तीन दोऱ्या शेजारी शेजारी बांधून त्यांवर आडवी पसरावी. बाज असेल तर फारच छान, खालूनही हवा लागते. गच्चीवर जुनी चादर अंथरून तिच्यावर पसरली तरी चालते. रंगीत बाजूवर पातळ कापड टाकावे, नाहीतर रंग विटतो. दर दोन तासांनी उलटावी. वरून कोरडी लागली तरी आतला थर ओला असतो. मधला भाग दोन तळहातांत दाबून गालाला लावून पाहावा. गार लागला तर अजून ओल आहे. अशीच घडी घातली तर आठवड्यात बुरशीचा वास येतो. शंका असेल तर दुसऱ्या दिवशीचे ऊनही द्यावे.

ठेवणे आणि वापरणे

लोखंडी ट्रंक असेल तर आत जुने स्वच्छ धोतर अंथरावे. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नये, सुती पिशवीत ठेवावी. वेखंडाचे तुकडे, वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवावा. डांबराच्या गोळ्या बाळाच्या दुपट्यांत ठेवू नका, नॅफ्थालीनच्या वाफेने काही बाळांच्या रक्तावर परिणाम होऊन कावीळ होते. दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर घडीवरच कापड चिरते.

गोधडी वारंवार धुवावी लागू नये याची युक्तीही सोपी आहे. मऊ सुती कापडाची खोळ शिवावी, किंवा निदान उशाकडे हातभर रुंद पट्टी टाचून ठेवावी. खोळ दर आठवड्याला धुवा, गोधडी वर्षातून एक-दोनदाच. मधून मधून सकाळच्या उन्हात टाकली की पुष्कळ झाले.

आणि एवढे करूनही राहिलेल्या डागांचे काय? जुन्या सुती कापडावर कधी तपकिरी डाग दिसतात, त्या जागी कापडाचा जीव बहुधा गेलेलाच असतो. तिथे औषधे लावत बसले तर भोक पडायचेच. त्याला आपल्या बायकांनी फार पूर्वी उपाय शोधून ठेवला आहे, तो म्हणजे ठिगळ! चादरीला ठिगळ लावले तर डोळ्यांत खुपते, गोधडीत ते शोभते, कारण गोधडी मुळात तुकड्यातुकड्यांचीच. डागावर आपल्या एखाद्या जुन्या सुती साडीचा तुकडा, लेकीच्या लहानपणच्या झबल्याचा तुकडा लावा आणि बाजूच्या टाक्यांच्या ओळीतच धावदोरा घाला. कापड आधी धुऊन, रंग पाहून घ्या, एवढेच.

आजीच्या लुगड्याशेजारी आपल्या साडीचा तुकडा बसला तर गोधडी काही जुनी-फाटकी दिसत नाही. उद्या तुमची लेक ती पसरून विचारील, "आई, यात काय काय घातलंय?" तेव्हा सांगायला तुमच्याकडेही एक तुकडा असेल.